डोईफोडे सरांचा भोंगा

डोईफोडे सर गेले. शाळेत शोकसभा झाली. मी जुना मुख्याध्यापक, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवण्यात आले आणि चार शब्द बोलण्याची विनंती करण्यात आली. मी नकार दिला. शोकसभेत जे बोलले जाते ते डोईफोडे यांना चालले नसते, हे मी अनुभवावरून सांगू शकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच सभागृहात गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाला श्रद्धांजली वाहताना वक्ते म्हणाले, "अण्णा म्हणजे देवमाणूस." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "कशावरून?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती. विचारणाऱ्याला खरोखरच माहिती हवी होती. वक्त्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिले आणि श्रद्धांजली आटोपती घेतली.

तो प्रश्न डोईफोडे यांचा. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत. अंगाने उंच, पाठीत किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. बोलणे अखंड. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत असे, पण ती आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटत नसे. पुढच्या तासाचे शिक्षक पहिली काही वर्षे दारात उभे राहून खाकरत. पुढे ते दारातच उभे राहून वर्तमानपत्र वाचू लागले. मन प्रसन्न असले की डोईफोडे पुस्तकी मराठी बोलत. चिडले किंवा गहिवरले की लहानपणीची, वाडीची भाषा येई. ती क्वचित येई.

कोणतीही साधी वस्तू हाती आली की ते तिचा इतिहास सांगायला घेत. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला कोणीतरी रसगुल्ल्यांचा पत्र्याचा डबा आणला. डबा उघडायला काही नव्हते. सगळे इकडेतिकडे पाहू लागले आणि डोईफोडे यांचा चेहरा उजळला.

"डबा आधी आला," ते म्हणाले. "तो उघडण्याचे साधन जवळजवळ अर्ध्या शतकाने आले. मधल्या काळात लोकांनी काय केले असेल?"

"उपाशी राहिले असतील," गणिताचे शिक्षक म्हणाले. त्यांना भूक लागली होती.

"छिन्नी आणि हातोडा!"

शिपायाने दोन्ही आणून दिले. डबा फुटला, पाक टेबलावरून सत्कारमूर्तींच्या धोतरापर्यंत गेला. डोईफोडे यांनी बोट चाटत निष्कर्ष काढला, "बघा हेडसर, अर्धे शतक लोकांनी हे सहन केले. शोध लागत नाही तो बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. माणूस त्रासाला सरावतो, म्हणून."

धोतराचा त्रास ज्यांना झाला ते सरावले नव्हते, पण तो भाग वेगळा.

या सगळ्या व्याख्यानांच्या तळाशी एक जुने दुखणे होते. डोईफोडे यांचे घराणे मेंढपाळांचे. वडील मेंढ्या घेऊन गोदाकाठापर्यंत हिंडत. घरात शाळेला गेलेले हे पहिलेच. लहानपणी मेंढ्यांच्या लोकरीत अडकलेले गोखरूचे काटे काढणे हे त्यांचे काम असे. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांच्या वाचनात आले, की परदेशात एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन रानात फिरायला गेले, कुत्र्याच्या केसांना असेच काटे चिकटले, आणि ते काटे सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी चिकटपट्टीचा शोध लावला. तीच पट्टी, जी आज मुलांच्या बुटांना असते. ही गोष्ट ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. शेवट ठरलेला असे.

"त्यांचा एक कुत्रा होता. आमच्या शेकडो मेंढ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही काटे काढले अन फेकून दिले. शोध आमच्या दारावरून गेला, पोरांनो. आम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई."

हे वाक्य तेवढे वाडीच्या भाषेत असे. त्यानंतर ते खडूचे बोट झटकत आणि उत्प्लावक बलाकडे वळत.

निवृत्त होण्यापूर्वी आपल्या नावावर एक शोध असावा, कितीही लहान, ही त्यांची एकच इच्छा होती. बढतीसाठी त्यांनी कधी अर्ज केला नाही. घर बांधले ते पत्नीने मागे लागून. यंत्रे बनवण्यासाठी शाळेकडे सामग्री नव्हती. जनावरे मात्र परिसरात मुबलक होती आणि त्यांना शासकीय मंजुरी लागत नव्हती. म्हणून त्यांनी जनावरांच्या वागण्याचा विषय निवडला.

प्रारंभ कावळ्यांपासून झाला. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो असे त्यांनी वाचले होते. तो चेहरा ओळखतो की टोपी, हे त्यांना पाहायचे होते. टोपी माझी घेतली. ती घालून त्यांनी शाळेच्या पिंपळावरील घरट्याला काठी लावली आणि टोपी मला परत केली. कावळ्यांनी आम्हा दोघांनाही टोचले. निष्कर्ष निघाला नाही. टोपी फाटली.

त्यानंतरचा बाटल्यांचा प्रयोग गावाच्या स्मरणात आहे. आपल्याकडे घरापुढे लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात. कुत्रे त्या रंगाला भिऊन दारात घाण करत नाहीत, असा समज आहे. डोईफोडे यांना हा समज सहन होत नव्हता, कारण कुत्र्याला लाल रंग लाल दिसतच नाही. हे त्यांनी गल्लीत सांगून पाहिले. गल्लीने ऐकून घेतले आणि बाटल्या ठेवल्या. मग त्यांनी प्रयोगच मांडला. काही दारांपुढे लाल पाणी, काहींपुढे निळे, काहींपुढे साधे. महिनाभर ते पहाटे उठून गल्ली पाहत फिरले. कुत्र्यांनी कोणताही भेदभाव केला नव्हता. एका कुत्र्याने तर डोईफोडे यांच्याच दारची लाल बाटली नेमाची जागा म्हणून निवडली होती.

त्यांनी निकाल जाहीर केला. समोरचे शब्बीरभाई कापडाचे व्यापारी. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि बाटली उचलून उन्हात धरली.

"सर, प्रयोग एकदम बराबर आहे. पण रंग तुमचा कच्चा."

"शब्बीरभाई, कुत्र्याला लाल दिसतच नाही!"

"तेच तर म्हणतो मी. इतका फिका रंग, कुत्र्याला दिसंल कसा? जरा पक्का टाका की."

महिन्याभरात गावातल्या बाटल्या वाढल्या. पूर्वी ज्या गल्ल्यांत नव्हत्या, तेथेही आल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की लोकांनी डोईफोडे यांना स्वतःच्या हाताने बाटल्या टांगताना पाहिले होते. विज्ञानाचे सर टांगतात, तेव्हा त्यात काहीतरी असणार, असा विचार लोकांनी केला. तो विचार अशास्त्रीय होता असे मी म्हणणार नाही. डोईफोडे मात्र आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, आणि शाळेत तास वेळेवर संपले.

मग भोंगा आला.

त्यांचे थोरले बंधू दादाराव गावाजवळच शेती करीत. हरभऱ्यात रोही शिरत. रोही म्हणजे नीलगाय. एक कळप आला की पट्टाच्या पट्टा जातो. दादारावांनी इतरांसारखाच बॅटरीवरचा छोटा भोंगा आणून बाभळीला टांगला. त्यात स्वतःचा आवाज भरला होता: "हाड! हाड रे!" रोही काही दिवस बिचकले, मग भोंग्याखालीच चरू लागले. इतरांनी रोह्यांना शिव्या दिल्या. डोईफोडे यांनी त्यांचे कौतुक केले.

"एकच आवाज, एकाच ठेक्यात," ते मला म्हणाले. "जनावर त्याला झाडासारखे धरते. पण माणूस बोलत राहिला, कधी हळू, कधी मोठ्याने, मध्येच थांबला, तर तो पुढे काय करील ते जनावराला कळणार नाही. त्याची सवय होणार नाही. हेडसर, हे कोणी तपासलेले नाही."

बोलत राहणाऱ्या माणसाचा शोध लांब घ्यावा लागला नाही. त्यांनी आपलीच व्याख्याने भोंग्यात भरली.

आणि रोही आले नाहीत. आठवड्यामागून आठवडा गेला, हरभरा घाट्यांनी भरला. मी एका सकाळी मुद्दाम पाहायला गेलो. शेजारच्या पडीत त्यांच्या चुलतभावाच्या मेंढ्या बसल्या होत्या. जमिनीला खत मिळावे म्हणून मेंढपाळांचा कळप असा शेतात मुक्कामी बसवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मेंढ्यांची कुत्री माझ्या अंगावर धावून आली. डोईफोडे यांनी हातातल्या डब्यातून त्यांना भाकरी टाकल्या आणि आम्ही पुढे गेलो. बाभळीवरचा भोंगा हरभऱ्याला आगपेटीचा इतिहास सांगत होता.

"काय दादाराव, गुण आला म्हणायचा," मी म्हणालो.

"रोही गेले ते बराबर हाय, हेडसर. पण गडी पण येऊन न्हाई राह्यले. म्हणतेत, शाळा सोडली ती यालाच कटाळून."

डोईफोडे हसले. मी त्यांना इतके मोकळे हसताना पूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी निबंध लिहायला घेतला. तालुक्याच्या शिक्षकांच्या विज्ञान मेळाव्यात तो वाचायचा ठरला. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव छापले गेले आणि नावापुढे 'नवसंशोधन' असा शब्द आला. ती पत्रिका त्यांनी कोणाला दाखवली नाही. फक्त ती टेबलावर अशी ठेवली की येणाऱ्याला दिसावी.

मेळाव्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला निबंध ऐकायला घरी बोलावले. भाषा तपासावी एवढीच अपेक्षा होती. ते वाचत होते. त्यांची पत्नी कौसाबाई चहा घेऊन आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"वाचणं झालं का? एक सांगायचं व्हतं. आजपासून मी भाकरी कमी थापीन."

"थाप," ते निबंधातून मान वर न करता म्हणाले.

"भाऊजी गेले मेंढ्या घेऊन. सुटले बाई. त्या कुत्र्यांच्या टोपलंभर भाकरी थापता थापता हात मोडून गेल्ते माझे."

"कोणते कुत्रे?"

"आता बया! कोणते म्हणजे? पडीतले. रोज सकाळी डबा कोण नेत व्हतं, तुम्ही का तुमचा भोंगा?"

डोईफोडे यांनी चष्मा काढला. बराच वेळ ते कागदाकडे पाहत होते; चष्म्याशिवाय त्यांना त्यातले काही दिसत नव्हते.

"हेडसर, तुम्ही आल्ते, तव्हा कुत्रे होते?"

"होते. माझ्या अंगावर आले होते."

"मंग तुम्ही बोलले का न्हाई?"

"मला ते विषयाशी संबंधित वाटले नाहीत."

"मला तर दिसलेच न्हाईत," ते म्हणाले. "मेंढ्यांत जन्मलो. शेत म्हणलं की मेंढ्या असणार, मेंढ्या म्हणलं की कुत्री. त्यांना काय बघायचं?"

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिले. आपण काय मोडले ते त्यांना कळले नव्हते, पण काहीतरी मोडले एवढे कळले होते. "मी आपलं भाकरीचं बोलले," त्या म्हणाल्या.

रोही भोंग्याने थांबले होते की कुत्र्यांनी, हे पाहायला डोईफोडे यांनी भोंगा सुरूच ठेवला. आता शेजारी कुत्री नव्हती. दोन दिवस काही झाले नाही आणि त्यांना पुन्हा थोडी आशा वाटू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावणे पाठवले. बाभळीखाली रोही चरत होते. एक मोठा नर बुंध्याला मान घाशीत उभा होता आणि त्याच्या डोक्यावर डोईफोडे यांचा आवाज दिव्याच्या काचेविषयी सविस्तर बोलत होता. दादाराव दगड घेऊन धावले, तेव्हा कळप सावकाश निघून गेला.

कौसाबाई बांधावर उभ्या होत्या. "अर्धं ऐकून चालला बिचारा," त्या म्हणाल्या. कोणी हसले नाही, म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

दादाराव परतले. "आता हे कुणापाशी बोलू नको," ते भावाला म्हणाले. "कोण येणारे बघायला? पत्रिकेवर नाव छापून आलंय आपल्या घराण्याचं. वाच अन ये."

डोईफोडे बांधावर बसले होते. त्यांनी सल्ला मागितला नाही आणि मी दिला नाही.

मेळाव्यात त्यांनी निबंध वाचला. पहिला भाग जसाच्या तसा. त्यानंतर नव्याने लिहिलेला दुसरा भाग, ज्यात कुत्री, भाकरी, डबा आणि बुंध्याला मान घासणारा नर हे सर्व होते. शेवटचे वाक्य असे होते: "सबब या आवाजाला जनावरे भीत नाहीत; जे सतत असते ते दिसत नाही, हे मात्र सिद्ध झाले, आणि ते जनावरावर नव्हे, निरीक्षकावर." मी त्यांचे अनेक निबंध ऐकले. हा एक उत्तम होता.

तो ऐकणारे फार नव्हते. पहिला भाग संपता संपता चहा आला होता. डोईफोडे यांना तालुक्यातले सगळे शिक्षक ओळखत. त्यांचे बोलणे सुरू झाले की आपली कामे उरकून घ्यायची, ही सवय सर्वांना झाली होती. अध्यक्षांनी समारोप केला. "खेड्यातला एक शिक्षक शेतकऱ्यासाठी असा भोंगा शोधतो, ही आपल्या तालुक्याला भूषणावह गोष्ट आहे."

डोईफोडे जागेवर उभे राहिले. "साहेब, मी सांगितलं ते असं, की तो चालत न्हाई."

"पाहा! हा यांचा विनय!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल आणि श्रीफळ देण्यात आले. शाल घेताना डोईफोडे काहीतरी बोलत होते. बँड सुरू झाल्यामुळे ते ऐकू आले नाही.

पुढे लोक त्यांच्याकडे भोंग्यात भरायला आवाज मागायला येऊ लागले. ते सर्वांना सांगत, की त्याचा उपयोग नाही. लोक आपसात म्हणत, सरांना पेटंट घ्यायचे असेल, म्हणून लपवतात. शेवटी लोकांनी सोय केली. मेळाव्यात कोणीतरी मोबाइलवर त्यांचे वाचन टिपले होते. त्याचा उत्तरार्ध तेवढा स्पष्ट आला होता, कारण तोवर चहाचे पेले गोळा झाले होते. तोच या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेला आणि भोंग्यांत भरला गेला. पुढच्या हंगामात तालुकाभरच्या शेतांतून डोईफोडे यांचा आवाज रोह्यांना समजावून सांगत होता, की या आवाजाला भिण्याचे काही कारण नाही.

आम्ही दोघे निवृत्त झालो. भेटी कमी झाल्या. शेवटची भेट शहागडला. एका लग्नाहून परतताना आम्ही महामार्गावर बसची वाट पाहत होतो. ऊन होते म्हणून एका दुकानाच्या सावलीत सरकलो. ताडपत्री, दोर, विजेऱ्या असा माल होता. तेवढ्यात दुकानातून डोईफोडे यांचाच आवाज आला.

दुकानदार तरुण होता. तो गिऱ्हाइकाला भोंगा लावून दाखवत होता. डोईफोडे पुढे झाले.

"हे कशाचं आहे?"

"रोही-डुकराचं, काका. डोईफोडे भोंगा. लावा अन बिनघोर झोपा."

"कोण डोईफोडे?"

"सर होते म्हणे घनसावंगीकडं. वारले."

"कधी?"

"झाले असतील दोन-तीन वर्षं. लई हुशार माणूस. जित्तेपणी कुणी विचारलं न्हाई, म्हणतेत."

मी बोलणार होतो. त्यांनी हाताने थांबवले.

"चालतो का हा?"

"बिलकुल चालतो."

"दोन दिवस चालतो. मंग जनावर सरावतं."

"काका, तुम्ही वापरला का कधी? उगं काहीतरी बोलून राह्यले. हे शास्त्र हाय."

"मीच डोईफोडे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. त्याने खुर्ची आणली, पुसली, चहा सांगितला आणि वाकून पाया पडला. जिवंत असल्याबद्दल त्याने त्यांना जराही दोष दिला नाही. मग त्याने पेन पुढे केले. "सर, एवढं करा. खोक्यावर सही द्या."

"देतो. पण आधी मला लिहायचं ते लिहीन."

"लिहा की. तुमचाच हाय भोंगा."

त्यांनी पहिले खोके मांडीवर घेतले आणि फळ्यावर लिहीत तशा टपोऱ्या अक्षरात लिहिले: 'या आवाजाला जनावरे दोन दिवसांत सरावतात. नंतर उपयोग नाही.' खाली पूर्ण नावानिशी सही केली. दुकानदाराने पुढचे खोके दिले. मांडणीत खोकी बरीच होती.

बस आली. मी हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढं, हेडसर. एवढी खोकी उरकतो."

मी खिडकीशी बसलो. डोईफोडे मान खाली घालून, एकेक अक्षर कोरून लिहीत होते. दुकानदार पुढच्या अंगाला येऊन नव्या गिऱ्हाइकाला खोके दाखवत होता. सही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरली होती. वरच्या दोन ओळी त्याच्या पंजाखाली होत्या.